अमेरिकेला पोरांकडं जाताय? टिनटाइप फोटो काढून घ्यायचा असेल तर आधी हे वाचा

उन्हाळा लागला की साताऱ्यातल्या बऱ्याच घरांत बॅगा वजनकाट्यावर चढतात. मेतकूट, गोडा मसाला, कंदी पेढे, नातवंडांचे कपडे. काटा जरा वर गेला की पहिलं लोणचं बाहेर निघतं. तिकडं पोरांनी फिरायचा कार्यक्रम आखलेला असतो. त्यात कधीकधी जुन्या पद्धतीच्या फोटो स्टुडिओचं नाव निघतं. लाकडी कॅमेरा, वर काळं फडकं, आणि कागदाऐवजी पत्र्यावर उमटणारा फोटो. हाच टिनटाइप.

तिथं जायचं ठरत असेल तर निम्मी तयारी इथं, साताऱ्यातच करावी लागते. या प्रकारात रंगांचा हिशोब उलटापालटा होतो, त्यामुळं खरा प्रश्न कपड्यांचा आहे आणि कपडे तुमच्या इथल्या कपाटात आहेत. फोटोच्या आदल्या दिवशी सूनबाई तिकडच्या मॉलमधून काहीतरी आणून देईल, पण तो तुमचा फोटो होणार नाही.

हे प्रकरण काय आहे

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं कलोडियन नावाच्या दाट रसायनाच्या ओल्या प्लेटची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडं सातारचं राज्य खालसा होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आर्चरची प्लेट काचेची. पुढं १८५६ मध्ये ओहायोतल्या हॅमिल्टन स्मिथ या प्राध्यापकानं काळं रोगण चढवलेल्या लोखंडी पत्र्यावर तेच काम करायचं पेटंट घेतलं. पत्रा स्वस्त आणि न फुटणारा. त्यामुळं १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात शिपाई आपले असे फोटो काढून सरळ टपालानं घरी धाडायचे. आता बहुतेक जण लोखंडाऐवजी काळा ॲल्युमिनियमचा पत्रा वापरतात. आपल्या दृष्टीनं ते बरंच, कारण तो गंजत नाही.

यात निगेटिव्ह नसते. जो पत्रा कॅमेऱ्यात गेला तोच फोटो होऊन बाहेर येतो, दुसरी प्रत निघत नाही. दोन मुलं असतील आणि दोघांनाही मूळ फोटो द्यायचा असेल तर दोन प्लेटी काढाव्या लागतील. हे पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर वाटणीच्या वेळी वाद व्हायचा.

स्टुडिओ ठरवताना

पर्यटनाच्या गावांत काउबॉयची टोपी, घोळदार झगे घालून 'जुन्या काळातला' फोटो काढून देणारी दुकानं असतात. तो फोटो साध्या डिजिटल कॅमेऱ्यानं काढून तपकिरी रंगात कागदावर छापलेला असतो. मजा म्हणून ठीक आहे, पण तो टिनटाइप नव्हे. ओळखायचा मार्ग सोपा. आमच्यासमोर पत्र्यावर रसायन ओतणार का आणि ओली असतानाच प्लेट धुणार का, एवढं विचारायला लावा. खरा कारागीर हा प्रश्न ऐकून खूश होतो.

वेळ आधी घ्यावी लागते. एका प्लेटला सगळं मिळून अर्धा तास धरा. पैसे प्लेटच्या आकारावर. चार बाय पाच इंचाची प्लेट घरगुती फोटोला पुरते. आठ बाय दहाची भिंतीवर शोभते पण दर झपाट्यानं चढतो. मोबाईलवर पाठवायला स्कॅन देतात का, आणि तो त्याच पैशात का, हे विचारून घ्या.

आणि महत्त्वाचं: फोटो फ्लॅशवर काढणार की उजेडावर? फ्लॅशचा स्टुडिओ असेल तर एका लखकन् झोतात काम होतं. खिडकीच्या उजेडावर किंवा सतत जळणाऱ्या दिव्यांवर असेल तर काही सेकंद हलायचं नाही. लहान नातू मांडीवर हवा असेल तर फ्लॅशवालाच शोधा. गुडघे, कंबर, मान यांतलं काही धरलेलं असेल तरी फ्लॅशच बरा. मात्र मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल किंवा झगमगाटानं डोकं उठत असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. रोलच्या जमान्यात आपण १०० किंवा २०० ची फिल्म घालायचो. ही ओली प्लेट त्या हिशोबात १ च्या आसपास येते. म्हणजे तिला शंभरपट उजेड लागतो, आणि फ्लॅश असेल तर तो एका क्षणात तोंडावर येतो. गालाला ऊब लागते.

रंगांचा उलटा हिशोब

कलोडियनच्या प्लेटला निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश तेवढा कळतो. लाल, केशरी, पिवळा तिला जवळजवळ दिसतच नाही. जे तिला दिसत नाही ते फोटोत काळं येतं.

आता हे आपल्या कपाटाला लावून बघा. भगवा फेटा काळा येईल. लाल काठाच्या काळ्या चंद्रकळेचा काठ साडीत विरघळून जाईल. हळदी रंगाचं पातळ गडद, आणि आकाशी रंगाचं सुती पातळ जवळपास पांढरं. जांभळ्या पैठणीची गंमत वेगळीच: अंग उजळ येतं आणि सोनेरी जर मंद, म्हणजे जिच्यासाठी पैसे मोजले तीच मागं पडते. दागिन्यांतही तसंच. सोनं पिवळं, म्हणून मोहनमाळ, पाटल्या काळपट येतात, फक्त कडांना चकाकी राहते. मोती मात्र जिवंत होतात. मोत्यांची नथ, चिंचपेटी, कुड्या असा साज असेल तर तोच न्या, आणि सोनं लॉकरमध्ये राहू द्या. तेवढीच विमानतळावरची काळजीही कमी. चांदीही छान येते.

कुंकू लाल, म्हणून कपाळावर काळंभोर उठून दिसतं. मेंदीही तशीच खुलते. पण हिरवट-निळं गोंदण फिकं पडतं, कधी पार पुसल्यासारखं होतं. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचं गोंदण या पद्धतीच्या जुन्या फोटोंमध्ये असंच नाहीसं झालं. आमच्या आत्याच्या कपाळावर तुळस आणि हनुवटीवर तीन ठिपके आहेत. प्लेट धुऊन समोर आली तेव्हा तिनं आधी स्वतःला ओळखलं, मग चष्मा लावून प्लेटीजवळ तोंड नेलं आणि भाच्याला विचारलं, "आरं, माझी तुळस कुठं गेली?" भाचा म्हणाला, "आत्या, मशीनला दिसत नाही ती." आत्या म्हणाली, "मग मशीन कशाचं?" गोंदण असलेल्या आजीला नेणार असाल तर ही गोष्ट घरीच सांगून ठेवा, आणि गोंदणाचा एक साधा रंगीत फोटोही काढून ठेवा.

कपडे पारखायची एक सोपी युक्ती आहे. गणपतीच्या आरासीसाठी आणलेली निळी एलईडी माळ माळ्यावर पडलेली असेलच. नसली तर मोती चौकात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. रात्री खोलीतले बाकीचे दिवे घालवा, ती एकटी लावा आणि साड्या, शर्ट, फेटे खाटेवर पसरा. त्या उजेडात जे उजळ दिसतं ते प्लेटवर साधारण उजळ येणार, जे काळं दिसतं ते काळं. काठ आणि अंग एकमेकांपासून वेगळे दिसतात ना, तेवढं बघायचं. माझा सगळा लेख विसरलात तरी ही माळ लक्षात ठेवा.

पोत असलेलं कापड या प्लेटला फार मानवतं. खणाचं पोलकं, हातमागाचं धोतर, आणि माणदेशातली घोंगडी. घोंगडीचा एकेक धागा मोजावा असा येतो. मी तर म्हणेन, वजनाची सोय होत असेल तर शालीऐवजी घोंगडीच न्या. पुरुषांनी कडक इस्त्रीची पांढरीशुभ्र टोपी आणि सदरा टाळलेला बरा. प्लेट पांढरं आणि काळं दोन्ही टोकाला नेते, त्यामुळं टोपी भाजून निघते आणि खालचा चेहरा अंधारात जातो. थोडी मळखाऊ, दुधी रंगाची टोपी घ्या. चौकड्याचा शर्ट चालतो. चकचकीत नायलॉन नको.

आपला वर्ण

याबद्दल स्टुडिओवाले आपणहून बोलत नाहीत, म्हणून मी सविस्तर लिहितो. त्वचेतलं रंगद्रव्य निळा आणि अतिनील प्रकाश शोषतं. त्यामुळं या प्लेटवर प्रत्येकाची कातडी असते त्यापेक्षा गडद येते. गोऱ्या अमेरिकी माणसाची सुद्धा. वांग, तीळ, उन्हानं रापलेली जागा, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं ठळक होतं. शेतावर आयुष्य गेलेल्या माणसाचा चेहरा फार भारदस्त येतो, पण एक्स्पोजर, म्हणजे प्लेटला मिळणारा उजेड, बरोबर असेल तर. नाहीतर नुसते डोळ्यांतले दोन ठिपके आणि दातांची ओळ.

म्हणून बसायच्या आधी पोराला सांगा की त्या माणसाला स्पष्ट विचार: सावळ्या वर्णासाठी तू उजेड वाढवतोस ना? भिडेखातर गप्प राहू नका. चांगला कारागीर स्वतःहून एक्स्पोजर वाढवतो, चेहऱ्याजवळ पांढरा बोर्ड धरतो, मागचा पडदा काळ्याऐवजी करडा घेतो. नवरा सावळा आणि बायको गोरी असेल तर सावळ्या माणसाला दिव्याच्या बाजूला बसवतात. पहिली प्लेट अंधारी आली तर दुसरी काढून मागायची लाज वाटू देऊ नका. बरेच जण पहिली प्लेट उजेडाचा अंदाज घ्यायलाच वापरतात. त्याचे पैसे धरतात का, हे वेळ घेतानाच विचारलेलं बरं.

चेहऱ्यावर त्या दिवशी काही लावू नका. सनस्क्रीनचं कामच अतिनील प्रकाश अडवायचं, त्यामुळं ती चेहऱ्यावर काळपट डाग पाडते. पावडरचे थर नकोत. आदल्या रात्री हळदीचा लेप तर अजिबात नको.

चष्मा? उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा असतील तर काढाच. स्टुडिओतल्या दिव्यांनी त्या काळ्या पडतात आणि फोटोत गॉगल लावल्यासारखं दिसतं. साध्या काचाही थोड्या गडद येतात. ज्या माणसाला चष्म्याशिवाय घरचेही ओळखत नाहीत त्यानं जुन्या चष्म्याची काचा काढलेली रिकामी फ्रेम बरोबर न्यावी. चष्मेवाला दोन मिनिटांत काढून देतो.

डावं-उजवं

प्लेटवरचा फोटो आरशातल्यासारखा उलटा असतो. अमेरिकेतला कुप्रसिद्ध गुंड बिली द किड याच्या टिनटाइपवरून लोक कित्येक वर्षं त्याला डावखुरा समजत होते, कारण फोटोत पिस्तूल डाव्या बाजूला दिसतं. तीच प्लेट २०११ मध्ये तेवीस लाख डॉलरना विकली गेली. आपल्याकडं याचा अर्थ असा: पदर उजव्या खांद्यावर दिसणार, नथ उजव्या नाकपुडीत, सदऱ्याचा खिसा उजवीकडं. उघड्या अंगानं बसणाऱ्या गुरुजींचं जानवं चक्क अपसव्य दिसेल, आणि घरातली जुनी माणसं त्यावर नक्की बोलतील. पदर मुद्दाम उलटा घ्यावा का? माझं मत, घेऊ नये. आरशात आपण रोज स्वतःला असंच बघतो, त्यामुळं आपल्याला तो चेहरा जास्त ओळखीचा वाटतो. स्कॅन मात्र सुलटा करून मागा, म्हणजे व्हॉट्सॲपवर प्रश्न येणार नाहीत. कपड्यावर अक्षरं असतील तर ती उलटी येतील, तेवढं टाळा.

प्रत्यक्ष बसताना

कारागीर आधी तुम्हाला बसवतो आणि काळ्या फडक्याखाली डोकं घालून नजर जुळवतो. एकदा फोकस जमला की हलायचं नाही, कारण स्पष्टतेची पट्टी फार अरुंद असते. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर होतात. दोघं बसणार असाल तर दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत. एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं पाठीमागं, खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं, ही आपली जुनी लग्नातली पोज इथं जमत नाही. शेजारी, खांद्याला खांदा लावून बसा. लांब एक्स्पोजर असेल तर मानेमागं लोखंडी आधार लावतात. त्याचा दाब जाणवतो, घाबरू नका.

मग तो आत जाऊन पत्र्यावर कलोडियन ओततो. मधासारखं दाट द्रव, ईथर आणि अल्कोहोलचा उग्र वास. पत्रा तिरका करत ते चारी कोपऱ्यांना फिरवतो आणि उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत. घरी धिरड्याचं पीठ तव्यावर फिरवणाऱ्या बायका हे बघून लगेच मान डोलावतात. नंतर तीन-चार मिनिटं प्लेट सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवून ठेवतात. हा सगळा वेळ तुम्ही निवांत बसलात तरी चालेल, फक्त फोकस परत तपासला जाईल. प्लेट कॅमेऱ्यात आली की मात्र घाई, कारण ती वाळायच्या आत धुवायला हवी. हवा गरम असेल तर आणखी लवकर.

श्वास सोडा, खांदे खाली, दोन्ही पाय जमिनीवर, कोपर टेबलावर टेकलेलं. नजर कॅमेऱ्याशेजारच्या एका बिंदूवर. सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये पापणी लवली तरी काही बिघडत नाही, मान हलली की बिघडतं. हसू धरून ठेवता येत नाही. ओठ मिटून, मनातल्या मनात रामरक्षेची एखादी ओळ म्हणा. चेहऱ्याला आपसूक स्थैर्य येतं.

धुताना बघायला जा

आत बोलावलं तर जरूर जा, पण हात मागं बांधून. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, काही सेकंद ओततात, पाण्यानं थांबवतात. तोवर प्लेटवर निळसर, दुधाळ, उलट्या उजेडाचं काहीतरी दिसतं आणि माणसाला वाटतं, बिघडलं. मग ती फिक्सरच्या, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये जाते. दुधाळपणा कडेकडेनं विरत जातो, आधी कपाळाचा उजळ भाग वर येतो, मग गाल, आणि शेवटी कुंकवाचा काळा ठिपका घट्ट होतो. पैसे वसूल होतात ते इथं.

हात मागं का, तर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब कातडीला लागला की काळा डाग पडतो आणि कित्येक दिवस जात नाही. मतदानाच्या वेळी आपल्या बोटाला लावतात त्या शाईत हेच असतं. दुसरं म्हणजे काही कारागीर अजून जुन्या रीतीनं फिक्सर म्हणून पोटॅशियम सायनाइड वापरतात. ते जहाल विष. नातवंडं बाहेरच ठेवा आणि कुठल्याही ट्रेला बोट लावू नका. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ईथरच्या वासामुळं लांबूनच बघावं.

शेवटी प्लेट धुऊन, वाळवून, दिव्यावर ऊब देऊन तिच्यावर व्हार्निश ओततात. सँडरॅक नावाचा डिंक, अल्कोहोल आणि लव्हेंडरचं तेल. व्हार्निशशिवाय प्लेट घेऊ नका. त्याच्याखालची चांदी नखानंही ओरखडते आणि उघड्या हवेत काळवंडते.

साताऱ्याला आणताना

व्हार्निश पक्कं व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा परतीच्या आदल्या दिवशी स्टुडिओची वेळ घेऊ नका. प्लेट साध्या कागदात गुंडाळा, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधा आणि हातातल्या बॅगेत ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी चेहऱ्याला चिकटू शकते. विमानतळावरच्या एक्स-रेनं काही होत नाही. परतताना गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात मात्र ठेवू नका, व्हार्निश मऊ पडतं.

फ्रेम इथं करून घेणार असाल तर फ्रेमवाल्याला दोनच गोष्टी बजावा. काच प्लेटला टेकता कामा नये, मध्ये जाड माउंट हवा, आणि डिंक-सिलिकॉन काही नको. दुसरं, पुसायचं नाही. सवयीनं तो स्पिरिटचा बोळा फिरवेल आणि व्हार्निश चेहऱ्यासकट उतरेल, कारण ते अल्कोहोलमध्येच विरघळतं. दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनाही हीच ताकीद. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झटकायची. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते, म्हणून आतल्या भिंतीवर लावा, आणि देवघराच्या धुरापासून लांब.

फ्रेम करायची नसेल तर कागदी पाकिटात ठेवली तरी चालते. पाकिटावर नाव, तारीख, गाव पेन्सिलनं लिहा, पण प्लेट आत घालायच्या आधी.